तेवीस नंबर

मॅडमनी विजेच्या लाटा दाखवणारा स्कोप बंद केला, मनातल्या मनात दहा आकडे मोजले आणि पुन्हा चालू केला. पडद्यावर हिरवी रेघ उमटली, एकदा वर चढली आणि शेवटपर्यंत सपाट गेली. मधे काही नाही.

“बिघडलाय वाटतं,” त्या म्हणाल्या.

“काल तर ठीक होता की,” नवे सर म्हणाले. नव्या सरांना येऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांच्यामागून विभागात दुसरं कुणी आलंच नाही, म्हणून ते अजून नवेच होते. त्यांनी मान तिरकी करून पडद्याकडे बघितलं. “मॅडम, डुलकी कुठे गेली?”

मॅडमनाही तोच प्रश्न पडला होता.

प्रयोगशाळेच्या भिंतीला ओल आली होती, ती रंगवायची होती, आणि त्यासाठी तेरा वर्षांत पहिल्यांदाच शिडी भिंतीवरून उतरून टेबलावर आडवी झाली होती. शिडी म्हणजे चढायची नव्हे. सहा फुटी पातळ फळी, तिच्यावर ओळीने चाळीस लाकडी खुंट्या, प्रत्येक खुंटीवर प्लॅस्टिकच्या पाइपच्या तुकड्यावर गुंडाळलेली तांब्याच्या तारेची एक कॉइल, आणि दर दोन कॉइलींच्या मधे खाली उतरणारा एक कपॅसिटर. प्रकाश असो की रेडिओची लाट, ती मोकळ्या जागेतून पुढे कशी सरकते हे कुणाला डोळ्यांनी दिसत नाही. या फळीवर ते दिसायचं. एका टोकाला विजेचा धक्का द्यायचा. पहिली कॉइल आधी हटून बसते, मग नाइलाजाने तो धक्का कपॅसिटरच्या हवाली करते, तो भरला की दुसऱ्या कॉइलची पाळी. माणसांनी ओळीत उभं राहून घमेली पुढे सरकवावीत तसं चाळीस हातांतून ते काम जातं. शेवटच्या टोकाला योग्य मापाचा रेझिस्टर असला की तो आलेली लाट मुकाट्याने गिळतो. पण वाटेतली एखादी कॉइल बाकीच्यांसारखी नसेल, तर लाटेचा थोडा भाग तिथूनच माघारी फिरतो, आणि तो किती वेळाने परत आला यावरून कितव्या कॉइलपाशी घोटाळा आहे ते कळतं.

या शिडीत घोटाळा तेवीस नंबरला होता. सपाट रेघेवर तिथे एक छोटीशी उसळी यायची. तिचं नाव डुलकी.

नाव मॅडमनीच ठेवलेलं. शिडी भिंतीवर चढली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तपासणी समिती आली होती, आणि समितीतल्या एका चष्मेवाल्या गृहस्थांनी पडद्यावर नेमकं बोट ठेवून विचारलं होतं, “हे मधेच काय आहे?” मॅडमना उत्तर माहीत नव्हतं. प्राचार्य बघत होते. मॅडमच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि तोंडातून निघून गेलं, “तेवीस नंबरला आमच्या काकांना जरा डुलकी लागली होती, सर. दोनचार वेढे इकडेतिकडे झाले.”

सगळे खळखळून हसले. काका म्हणजे प्रयोगशाळेतले सहायक. चाळीसच्या चाळीस कॉइली त्यांनी घरी नेऊन हाताने गुंडाळल्या होत्या. ते चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभे होते, तेही हसले. वेळ निभावली.

मॅडमना स्वतःचे विनोद फार आवडत, आणि हा तर चांगलाच चालला. पुढे दर वर्षी, दर वर्गाला, शिडी दाखवताना त्या पडद्यावरची उसळी दाखवायच्या, थांबायच्या, मागे उभ्या असलेल्या काकांकडे वळायच्या आणि म्हणायच्या, “काका, सांगू का?” काका कसनुसं हसून मान डोलवायचे. मग डुलकीची गोष्ट. मग हशा. मुलं परीक्षेतही लिहून यायची, ‘डुलकीमुळे होणारे परावर्तन’. मॅडम त्याला गुण द्यायच्या.

“मॅडम, हा घ्या.” खाली वाकून जुने पेपर पसरणाऱ्या रंगाऱ्याने एक लोखंडी पट्टी आणि एक स्क्रू टेबलावर ठेवला. “फळीच्या मागे होता. केवढा लांब आहे बघा, निघता निघेना. कोणी लावला होता कोण जाणे.”

मॅडमनी स्क्रू उचलला. बोटभर लांब, लोखंडी, टोकाला गंज.

कोणी लावला होता ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. समितीच्या आदल्या संध्याकाळी फळीने मधेच पोट काढलं होतं. काका म्हणाले होते, “सोमवारी पितळी स्क्रू आणतो मॅडम, मग मधला आधार लावू.” सोमवारपर्यंत थांबायला मॅडमना वेळ नव्हता. काका घरी गेल्यावर त्यांनी कपाटाची एक लोखंडी पट्टी काढली, ड्रॉवरमधला सगळ्यात मजबूत स्क्रू निवडला आणि स्वतः पिळला. फळी पातळ, स्क्रू आरपार बाहेर येईल, म्हणून त्यांनी मुद्दाम एका खुंटीच्या मागची जागा शोधली. तिथे लाकूड जाड होतं. आपल्या हुशारीचं त्यांना कौतुकही वाटलं होतं.

त्यांनी फळी उचलून मागचं भोक बघितलं. पुढून खुंट्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

“नवे सर, पडद्याकडे बघत राहा,” त्या म्हणाल्या, आणि स्क्रू भोकात सरकवला.

“आली.”

स्क्रू काढला.

“गेली.”

कॉइलच्या पोकळीत लोखंड शिरलं की कॉइलचं माप बदलतं, हे मॅडम पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायच्या. वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात. त्यांनी स्क्रू पुन्हा घातला, पुन्हा काढला.

“म्हणजे डुलकी काकांना लागलीच नव्हती!” नव्या सरांना हसू आवरेना. “मॅडम, ती तर तुम्हाला लागली होती.”

मॅडम हसल्या नाहीत. ते बघून नवे सर समजूत काढल्यासारखं म्हणाले, “जाऊ दे हो. कोणाला कळणार आहे? आता पितळी लावू, संपलं.”

मॅडमना सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची की, नव्या सरांनी हे म्हणायच्या आधीच त्यांच्या मनात हाच विचार येऊन गेला होता.

त्यांनी शिडीची जुनी वही काढली. प्रत्येक कॉइल फळीवर चढवण्याआधी यंत्रावर मोजून तिचं माप लिहायचं होतं. एक ते वीस, मॅडमच्या सुबक अक्षरात, वीस मापं. एकवीसपासून चाळीसपर्यंत नुसते ‘वरीलप्रमाणे’चे ठिपके. खाली त्यांची सही. त्या दिवशीही वेळ नव्हता. तेवीस नंबर त्यांनी कधी मोजलीच नव्हती. ज्या बाईने मापं न घेता सही ठोकली, तिने दुसऱ्याला भर वर्गात झोपाळू ठरवलं होतं, वर्षाला चार वर्ग, तेरा वर्षं, म्हणजे बावन्न वेळा. हिशेब करायचा नव्हता, पण डोक्याला सवयच तशी लागलेली. त्यातली शेवटची दोन वर्षं काका निवृत्त झालेले. म्हणजे चव्वेचाळीस वेळा त्यांच्या तोंडावर.

वही मिटताना त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. सगळ्या कॉइलींच्या तारेची टोकं दोऱ्याने बांधलेली होती आणि दोरे पिवळे पडले होते. तेवीस नंबरचा दोरा पांढराशुभ्र होता. तिथला तारेच्या जोडावरचा डाखही इतरांपेक्षा चकचकीत दिसत होता. मॅडमना त्याचा अर्थ लागला नाही.

शनिवारी सकाळी त्या काकांच्या घरी गेल्या. दोन जिने चढेपर्यंत त्यांनी तीन प्रकारे बोलणं जुळवून पाहिलं होतं. पहिल्यात भौतिकशास्त्र जास्त होतं, दुसऱ्यात घाईगडबडीची कारणं होती, आणि तिसरं त्यांना पूर्ण करता आलं नव्हतं.

दार काकूंनी उघडलं. “अगंबाई, मॅडम! या ना, या. अहो, बघा तरी कोण आलंय.”

काका खिडकीपाशी बसून चपलेचा अंगठा शिवत होते. त्यांनी घाईघाईने चप्पल खुर्चीखाली सरकवली आणि उठून उभे राहिले. मॅडम बसेपर्यंत ते बसले नाहीत. घर म्हणजे दोन खोल्या, भिंतीवर एक घड्याळ आणि पदवीच्या काळ्या झग्यातला मुलीचा फोटो.

“वेळ कसा जातो काका तुमचा?”

“जातो की. बरा जातो.”

“कसला बरा जातो!” काकू पाणी ठेवता ठेवता म्हणाल्या. “खालचा पंखेवाला वर्षभर मागे लागलाय, मोटारींच्या वाइंडिंगला या म्हणून. जात नाहीत. म्हणतात, हात गेला. आता तुम्हीच सांगा मॅडम, ह्यांच्यासारखा हात कुणाचा आहे?”

“तू चहाचं बघ ना,” काका म्हणाले.

मॅडमनी पर्समधून स्क्रू काढून टेबलावर ठेवला. जुळवलेली तिन्ही भाषणं डोक्यातून पार धुऊन निघाली होती. त्या म्हणाल्या, “काका, हा मी लावला होता. तुम्ही घरी गेल्यावर. तेवीस नंबरच्या खुंटीत, मागून. डुलकी याच्यामुळे होती. याला काढलं आणि ती गेली.”

काकांनी स्क्रू हातात घेतला नाही. नुसते वाकून बघत राहिले.

“लोखंडी आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“मी पितळी आणणार होतो.”

“हो काका. तुम्ही सांगितलं होतं.” मॅडमची नजर आपल्याच पायांकडे होती. “माझं चुकलं. आणि मी तुमची थट्टा केली. इतकी वर्षं.”

“असू दे हो. तुम्ही काय मुद्दाम केलंत?” काका पटकन म्हणाले, जणू मॅडम अवघडल्या याचाच त्यांना संकोच झाला होता. इतक्या झटकन माफी मिळाल्यावर मॅडमना धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. बावन्न वेळांचं हे एवढंच?

काका उठून आतल्या खोलीत गेले. परत आले ते बिस्किटांचा जुना चौकोनी डबा घेऊन. त्यांनी झाकण उघडलं. आत चार कॉइली होत्या, चौघींच्याही गळ्यात दोऱ्याने अडकवलेली कागदाची चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठीवर तेवीस.

“सुट्टी लागली की बदलायचो,” काका म्हणाले. “तुम्ही नसायचात तेव्हा. ही पहिली, मूळची. मग ही, मग ही. एक तर मी तीनदा उलगडून पुन्हा गुंडाळली. फळीवर पाचवी आहे. पण स्कोप लावला की उसळी तिथेच. म्हटलं, आपला हातच गेला.”

पांढऱ्या दोऱ्याचा अर्थ मॅडमना आता लागला. खुंटीवरची कॉइल किती का वेळा बदलेनात, स्क्रू खुंटीच्या पोटात होता.

“एक कराल का मॅडम?” काका म्हणाले. हे विचारताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा पडला. “हे आमच्या मुलीला सांगाल?”

मुलगी मॅडमना आठवत होती. चार वर्षांपूर्वी त्यांच्याच वर्गात होती, दुसऱ्या बाकावर. त्या वर्षीही त्यांनी गोष्ट सांगितली होती. बाप मागे उभा, मुलगी पुढे बसलेली, आणि मधे आपण हसवतोय, हे तेव्हा त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. उलट, मुलगी हसली नाही म्हणून त्यांनी तिला विचारलंही होतं, “काय गं, बाबांची बाजू घेतेस का?” तेव्हा वर्ग आणखी हसला होता. बापाची लेकीसमोर गेलेली अब्रू परत करायची, एवढंच काका मागत होते. ते तर करायलाच हवं होतं.

“लावा फोन,” त्या म्हणाल्या.

काकांनी चष्मा लावून नंबर लावला. “बोला ना बाबा,” पलीकडून आवाज आला. फोनचा आवाज मोठा केलेला असल्यामुळे सगळ्या खोलीला ऐकू आला.

“मॅडम आल्यात घरी. तुझ्या मॅडम. त्यांना तेवीस नंबरचं सांगायचंय.” त्यांनी फोन मॅडमच्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरकले, वर्गात उभे राहायचे तसे.

मॅडमनी स्क्रूचं सांगितलं, काही न वगळता. समितीसमोर वेळ मारून नेली तेही सांगितलं. शेवटी म्हणाल्या, “तुझ्या बाबांना डुलकी लागलीच नव्हती गं. मी उगीच बोलले.”

“त्यांना नाहीच लागली, मॅडम,” मुलगी म्हणाली. “मला लागली होती.”

मॅडमना काही कळेना. त्यांनी काकांकडे बघितलं. काका घड्याळाकडे बघत होते.

“बाबा तार ओढून धरायचे, पाइप फिरवायचे. त्यांचं लक्ष तारेवर. वेढे मी मोजायचे. दहा झाले की वाटीत एक बटण टाकायचं, सहा बटणं झाली की थांबा म्हणायचं. अकरा वर्षांची होते मी. एक दिवस ताप होता, औषध घेतलं होतं, आणि मोजता मोजता डोळा लागला. उठले तेव्हा वाटीत पाच बटणं होती. मी घाबरून सहावं टाकलं आणि थांबा म्हटलं. ती तेविसावी होती. बाबांनी मला कधीच काही विचारलं नाही. तुम्ही वर्गात सांगायचात ना, तेव्हा ते मागे उभे राहून हसायचे. माझ्याऐवजी.”

काकू चहा घेऊन दारातच उभ्या राहिल्या होत्या.

“मी तिला सांगितलं होतं,” काका हळू आवाजात म्हणाले. “म्हटलं, कॉइल बदलून पाहिली, तरी उसळी तशीच आहे, तुझं काही चुकलं नाही. तिला वाटतं, बाप समजूत काढतोय. तुमच्यावर विश्वास बसेल तिचा. तुम्ही मॅडम आहात.”

मॅडम फोनमध्ये म्हणाल्या, “अगं, तुझं काही चुकलं नव्हतं. सगळा दोष स्क्रूचा होता.”

“तुम्ही ती कॉइल मोजलीत का मॅडम? मूळची?”

प्रश्न साधा होता. ‘हो’ म्हणून टाकणंही साधंच होतं, आणि मॅडम तेरा वर्षं असली साधी उत्तरं देत आल्या होत्या. स्क्रू काढल्यावर रेघ सपाट झाली ती पाचव्या कॉइलवर. मूळच्या कॉइलला साठ वेढे होते की कमी, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “मोजली नाही. तेव्हाही नव्हती मोजली, नुसती सही केली होती.” मग काकांकडे वळून, “काका, तुम्ही?”

काकांनी नकारार्थी मान हलवली. “काढली आणि डब्यात टाकली.” मग म्हणाले, “साठ भरली नसती, तर मग काय करायचं होतं?”

मॅडमनी चष्मा पुसला. डब्यातून पहिली कॉइल काढली, पिवळ्या दोऱ्याची. तिच्यावरची चिठ्ठी इतकी जीर्ण झाली होती की हात लावताच निम्मी गळून पडली. तार एका थरात, वेढ्याला वेढा चिकटून बसली होती. त्यांनी फोन टेबलावर स्क्रूशेजारी ठेवला.

“थांब. आता मोजते,” त्या म्हणाल्या. “मोठ्याने मोजते. तू ऐक.”

काकू ट्रे तसाच धरून आत आल्या आणि खिडकीचा पडदा सारून उजेड केला. मॅडमनी नख पहिल्या वेढ्यावर टेकवलं. एक, दोन, तीन. सतराला नख घसरलं आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कुणी घाई केली नाही. तीस ओलांडल्यावर काकांचे ओठ हलू लागले. चाळीसला फोनमधून बारीक आवाजात मुलगीही मोजायला लागली. पन्नासला सगळ्यांचाच आवाज जरा बसला, पुढे एकेक आकडा सावकाश येऊ लागला.

सत्तावन्न. अठ्ठावन्न. एकोणसाठ.

साठनंतर मॅडमच्या नखाखाली तार नव्हती, नुसता पाइप होता.